कोपराचा दाखला

पिंपळगाव राजा
३ नोव्हेंबर १९६३

चि. सहदेव,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, यंदा दोन जास्त धर.

विदर्भाच्या रणजी संघात तुझं नाव आल्याचं पेपरात वाचलं. नागपूरचा पेपर आपल्या गावी एक दिवस शिळा येतो. मग सरपंच शंकरराव तो दिवसभर हातात धरून बसतात, म्हणून शाळामास्तराच्या वाट्याला दोन दिवस शिळा येतो. बातमी मात्र ताजी लागली. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ती मी मोठ्यानं वाचून दाखवली आणि तीन दिवसांचा सामना कसा असतो ते समजावून सांगितलं. किसनराव म्हणाला, "तीन दिवस खेयून बी कधी कधी कोनीच जिंकत नाई? मंग मास्तर, हे त आपल्या बांधाच्या भांडनासारखंच झालं." मी म्हटलं, त्याहून बरं आहे, इथे मधे जेवायची सुट्टी असते.

तुझ्या वडिलांनी एवढंच विचारलं की चेंडू टणक असतो का. असतो म्हटल्यावर शेषराव उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. तुझ्या आईनं विचारलं, "जेवाले काय देतेत?" बायको गेल्यापासून बारा वर्षं मी माझ्या या थोरल्या बहिणीच्या चुलीवर जगतो आहे, म्हणून तिची भाषा मला कळते. त्या रात्री माझ्या भाकरीबरोबर गुळाचा खडा आला. गोजराबाईनं साजरं केलं म्हणायचं.

आठवतं का, शेणानं सारवलेल्या खळ्यावर तू चिंध्यांचा चेंडू टाकायचास आणि मी धुण्याची मोगरी घेऊन उभा राहायचो? सरळ येतो असं दाखवून तो ऐन वेळी वळायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे पोरगं एक तर खेळाडू होईल, नाही तर वकील.

हाताला जप. आणि चारचौघांत उगाच बाह्या वर सारत जाऊ नकोस.

तुझा
वामनमामा


नागपूर
२२ डिसेंबर १९६३

ती. मामांस नमस्कार.

पहिला सामना झाला. सहा विकेट मिळाल्या.

इथे काथ्याच्या चटईवर खेळतात. चटई ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकतात. सकाळी मी त्या खिळे ठोकणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभा राहिलो. कुठल्या कोपऱ्यात तो आळस करतो ते पाहून घेतलं आणि दिवसभर त्याच टोकाला चेंडू टाकला. सैल चटईवर तो हातभर वळत होता. खळ्याचीच विद्या, दुसरं काय.

कापड गिरणीच्या टाइम-ऑफिसात नोकरी लागली आहे. दहा वाजता मजुरांची हजेरी मी घेतो, अकरा वाजता माझी हजेरी मैदानावर. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्हाला आम्ही लिहायला घेतलेलं नाही, बॉलिंग टाकायला घेतलंय." म्हणजे मी आता पगारी गोलंदाज. संघातले बाकीचे कॉलेजातले आहेत, तंबूत इंग्रजी बोलतात. माझ्या हातामुळे मला 'विळा' म्हणतात. म्हणोत. विळा कापायच्याच कामाचा असतो.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. कप्तान म्हणतो, हा वाकडा कोपर म्हणजेच तुझं भांडवल, त्याच्यामुळे चेंडू हातातून कधी सुटतो ते समोरच्याला कळत नाही. पण बाजूला जो पंच उभा असतो, तो बराच वेळ डोळे बारीक करून माझ्या हाताकडे पाहत होता. नियम असा आहे की टाकताना कोपर वाकवून झटक्यानं सरळ केला तर ते फेकणं झालं, आणि फेकणाऱ्याला मैदानात जागा नाही. माझा कोपर मुळातच वाकलेला आहे आणि काही केल्या सरळ होत नाही, म्हणून मी नियमात बसतो. पण वीस पावलांवरून हे त्यांना दिसावं कसं?

गिरणीच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी मोडला? आई म्हणते, कडुलिंबावरून पडलो. तुम्ही एकदा बोलता बोलता कापसाच्या गाठींवरून म्हणाला होतात. काय सांगू?

आपला
सहदेव


पिंपळगाव राजा
१९ ऑक्टोबर १९६४

चि. सहदेव,

तू वर्षभरात तीनदा हाताचं विचारलंस आणि तिन्ही वेळा माझ्या उत्तरात ते राहून गेलं, अशी तुझी तक्रार आली आहे. राहून गेलं असेल. मास्तर माणूस दुसऱ्यांच्या चुका काढतो, स्वतःच्या काढायला त्याला इन्स्पेक्टर लागतो. लिंब काय अन् दुसरं काय, पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पडणाऱ्यानं पुढे पाहावं.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे बाईला, म्हणजे तुझ्या आईला, वाचून दाखवलं. पंच डोळे बारीक करतात ती ओळ गाळली. बाईला अक्षर ओळखू येत नाही, पण मी कुठे थांबलो ते बरोबर ओळखू येतं. "काऊन थांबला बे वामन?" म्हणाली. खोकला आला म्हटलं.

आता मुद्द्याचं. वरवट बकालच्या गुलाबरावांकडून विचारणा आली आहे. मुलगी रुख्मिणी, मॅट्रिक. हे 'मॅट्रिक' गुलाबरावांनी मला चार वेळा सांगितलं, त्यामुळे मला बारीकसा संशय आला. पण मीही त्यांना 'मुलगा निर्व्यंग' असं पाच वेळा सांगितलं, तेव्हा फिटंफाट.

रागावू नकोस. गेल्या साली हिवरा आश्रमाकडचं स्थळ कशावरून मोडलं ते तू विसरलास, तुझी आई विसरलेली नाही. "वाकड्या हातानं तिफन कोन धरन?" म्हणाले आणि चहा न घेता उठले. मुलगा पेरणीची तिफन धरणार नाही, चेंडू धरणार आहे, हे सांगितल्यावर तर आणखी घाईनं उठले.

म्हणून दिवाळीला येशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आण. बसलास की हात मांडीवर. नमस्कार मोकळ्या मनानं कर, नमस्कारात सगळ्यांचेच कोपर वाकतात. ही आपल्या संस्कृतीनं करून ठेवलेली सोय आहे. खोटं काहीही बोलायचं नाही, फक्त हात लांब करायचा नाही.

वामनमामा


नागपूर
३० डिसेंबर १९६४

ती. मामांस नमस्कार.

दिवाळीत सुपारी फुटली तेव्हापासून आई प्रत्येक पत्रात लग्नाच्या तारखा कळवते आहे. पत्रं तुमच्याच अक्षरात असतात, तेव्हा तिला सांगा की सामने मार्चपर्यंत आहेत. नवरीकडचे वैशाख म्हणतात ते बरं.

मध्य विभागाकडून खेळलो. सामना बरा झाला. एका षटकात पंचांनी काही नो-बॉल दिले, ते चालायचंच. फेब्रुवारीत परदेशी संघ येतो आहे आणि कसोटीसाठी ज्या वीस जणांचा विचार चालू आहे त्यांत माझं नाव आहे, असं कप्तान म्हणाला. अजून कुणाला सांगू नका.

क्रिकेट मंडळाच्या वरच्या समितीचं एक पत्र गावाला येईल. माझ्या हाताबद्दल थोडी चौकशी असेल. नेहमीची रीत आहे. तुम्ही पाहून घ्या. बाकी क्षेम.

सहदेव


पिंपळगाव राजा
१७ जानेवारी १९६५

चि. सहदेव,

पाहून घेतलं! असं पाहून घेतलं की समिती जन्मभर लक्षात ठेवील.

पत्र आलं ते इंग्रजीत, सरपंचांच्या नावे. शंकररावांना आधी वाटलं, सरकारच्या एखाद्या धरणाचं आहे. मग मला बोलावणं आलं. मी वाचून मराठीत सांगितलं: आपल्या सहदेवच्या उजव्या हाताला काही दोष आहे काय, असल्यास कधीपासून, गावानं लेखी कळवावं. ओट्यावरच्या सगळ्यांनी विड्या विझवल्या. आपल्या गावात विड्या एरवी निवडणुकीचे आकडे वाचतानाच विझतात.

पहिली उठली ती ओट्याच्या कडेला बसलेली म्हातारी तानुबाई. "मेल्याहो, पोरगं देशासाठी खेयाले निंगालं अन् हे त्याच्यात खोट काढून राह्यले? सोयरीक आहे का हे?" किसनराव म्हणाला, "सोयरीकच समजा काकू. पोलीसभरतीत माह्या साळ्याचं बोट वाकडं निंगालं त त्याले वापस धाडलं. इथं त पुरा हात आहे." मग सगळ्यांना एकदम कळलं की काय करायचं. मलाही कळलं. चौकशी म्हणजे कुणाला तरी नाकारायचं निमित्त, हे आपण पिढ्यान् पिढ्या शिकत आलो आहोत.

दाखला मीच लिहिला. वाक्य असं जमलं: 'सदर इसमाचा उजवा हात जन्मापासून आजतागायत तुराटीसारखा सरळ असून त्यास कधीही मोड, मुरड अगर व्यंग झालेले नाही.' तूर सध्या घरोघरी आली आहे, दारोदार तिच्या वाळल्या काड्यांचे भारे पडलेत, म्हणून उपमा सुचली. खाली शंकररावांची सही आणि नवा शिक्का. तो शिक्का दोन वर्षं कपाटात पडून होता. त्यांनी तो तीनदा मारला, एकदा सहीवर, एकदा समासात, एकदा हात बसल्यावर हौसेनं.

त्याखाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे. सर्वांत कडक अंगठा निवृत्तीबुवाचा. तुझा कोपर ज्यानं बसवला तो हाडवैद्य स्वतः! मी हळूच म्हटलं, बुवा, तुम्ही तरी विचार करा. तर भडकला. "मास्तर, म्या बसवलेलं हाड वाकडं राह्यलं असं सरकारले लिहून देऊ? उद्या माह्या दारात कोन येईन?"

रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे. आता निश्चिंत खेळ.

वामनमामा


नागपूर
२३ जानेवारी १९६५

मामा,

तुमचा दाखला पोचला. मला तो काल समितीपुढे वाचून दाखवण्यात आला. 'तुराटी' या शब्दाचं इंग्रजी कुणाला येत नव्हतं, ते मला करायला लावलं.

मी तुम्हाला डिसेंबरात खरं लिहिलं नाही, हा माझा दोष. सामना बरा झाला नव्हता. एका षटकात पंचानं मला सहा वेळा फेकतो म्हणून नो-बॉल दिला. षटक संपेना. प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, "याला गोफण द्या, पाखरं हाकलायला बसवा." कप्तानानं चेंडू काढून घेतला आणि मी दोन दिवस सीमारेषेवर उभा होतो. तुम्हाला लिहायची लाज वाटली. तुम्ही ओट्यावर वाचाल असंही वाटलं.

त्यानंतर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. लहानपणी मोडलेलं हाड चुकीचं जुळलं आहे आणि कोपर पुरा सरळ होऊच शकत नाही, असा कागद त्यांनी दिला. एवढ्यानं भागलं असतं. गावाकडून 'हो, लहानपणापासून असाच आहे' एवढी एक ओळ हवी होती. त्याऐवजी शिक्क्यासकट तुराटी आली.

आता समितीतले एक गृहस्थ काय म्हणाले ते ऐका. "डॉक्टर म्हणतात वाकडा, अख्खा गाव म्हणतो सरळ. दोघंही खरे असतील तर याचा अर्थ हा माणूस हात हवा तेव्हा वाकवतो आणि हवा तेव्हा सरळ करतो. यालाच तर आपण फेकणं म्हणतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मामा, एक्केचाळीस माणसांनी माझ्यावरच्या मायेपोटी माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली आहे. हाड मोडताना ज्यानं डोळ्यांनी पाहिलं अशा माणसानं कुठे, कधी, कसं मोडलं हे खामगावला मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्यायचं. ते आलं नाही तर माझं नाव फेकणाऱ्यांच्या यादीत जाईल. मग कसोटी राहू द्या, विदर्भाकडूनही कुणी खेळवणार नाही, आणि गिरणीनं मला लिहायला घेतलेलं नाही.

मी सांगितलं तर ते माझ्या फायद्याचं ठरेल. तुम्ही सांगा. तुम्ही तिथे होतात.

सहदेव


पिंपळगाव राजा
२ फेब्रुवारी १९६५

चि. सहदेव,

काल खामगावला जाऊन शपथेवर लिहून दिलं. नक्कल सोबत आहे. मॅजिस्ट्रेटपुढे दहा ओळी पुरल्या, तुझ्यापुढे पुरणार नाहीत.

एकोणपन्नास सालचा डिसेंबर. खामगावच्या कापूस दाबायच्या प्रेसच्या पटांगणात अकोल्याच्या लोकांचा सामना होता. मला या खेळाचं वेड होतं आणि एकट्यानं जायला काही निमित्त नव्हतं. तुझ्या आईला सांगितलं, पोराला नवी पाटी घेऊन देतो. तू आठ वर्षांचा. तुला दिसेना म्हणून मी तुला कापसाच्या गाठींच्या थप्पीवर बसवलं. मी बसवलं. दुपारनंतर तू तिथून खाली आलास, हातावर.

हात कसा दिसत होता ते मी लिहीत नाही. मी उपरणं गळ्यात बांधून तो त्यात ठेवला. दवाखाना अर्ध्या मैलावर होता. पण शेवटची जोडी खेळत होती आणि एकोणीस धावा हव्या होत्या. मी तुला म्हटलं, रडू नको, आत्ता संपतं. सहदेव, ते दीड तास संपलं नाही, आणि मी दीड तास उठलो नाही. तू रडलाही नाहीस. तू रडला असतास तर मी उठलो असतो, असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आलो.

सामना संपल्यावर भीती आठवली. दवाखान्यात नेलं तर नाव-गाव लिहितील, बाईला कळेल. म्हणून गाडी उलटी फिरवली आणि अंधार पडता पडता तुला निवृत्तीबुवाकडे आणलं. तोवर कोपर मडक्यासारखा सुजला होता. त्यानं हाताला लागेल तसं बसवलं. त्याला दोष देऊ नकोस. बाईला सांगितलं, गावात परतल्यावर लिंबावरून पडला. ते लिंबाचं झाड तिनं दुसऱ्या दिवशी शेषरावांकडून तोडवलं. पंधरा वर्षं त्या बुंध्यावरून मी शाळेत जातो.

तुला ठाऊक आहे का, त्या सामन्यात कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

खामगावच्या आधी वरवट बकालला गेलो. गुलाबरावांना कागदावरून कळण्यापेक्षा तोंडून कळलेलं बरं. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारीचा अडकित्ता मिटला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाच खेपा निर्व्यंग म्हनले होते. मी मोजले होते." घरात विचारून कळवतो म्हणाले. याचा अर्थ काय ते तुला सांगायला नको.

मग ओट्यावर जाऊन एक्केचाळीस जणांपुढे सांगितलं. फक्त निवृत्तीबुवा जवळ आला. "दीड तास?" एवढंच म्हणाला, आणि परत जाऊन बसला.

बाईला शेवटी सांगितलं. ती तूर पाखडत होती. मी बोलत होतो तोवर सूप चालू होतं. माझं संपलं तेव्हा थांबलं. तिनं विचारलं, "पाटी घेतली व्हती का?" मी म्हटलं, नाही. विसरलो. ती उठून आत गेली.

त्या रात्री माझी भाकरी आली नाही. कालही नाही. शेजारून सिंधूताईनं आणून दिली, तीही दारात ठेवून गेली. मी शिजवायला शिकतो आहे. पन्नाशीला आलेल्या माणसाला भाकरी थापता येत नाही, हेसुद्धा एक व्यंगच आहे आणि तेही कुणी दाखल्यात लिहिलं नव्हतं.

मागणं काही नाही. लग्न मोडलं तर माझ्यामुळे, आणि खेळायला मिळालं तर तुझ्यामुळे, एवढं धरून चाल.

वामन


वरवट बकाल
८ फेब्रुवारी १९६५

पत्राला मायना नाही. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हे अजून ठरायचं आहे.

पत्ता तुमच्या मामांकडून घेतला. त्यांनी आधी वडिलांना विचार म्हटलं, मी म्हटलं विचारलं आहे. विचारलं नव्हतं. आता विचारीन.

तुमचा हात मला पहिल्याच दिवशी कळला होता. मी सुपारीचं तबक मुद्दाम लांब ठेवलं होतं. आमच्याकडे पाहायला येणारा प्रत्येक जण ते कसं घेतो ते मी पाहते. एकानं 'इकडे दे' म्हटलं होतं, एकानं बोटानं खूण केली होती. तुम्ही हात लांब केला नाही, तुम्हीच सतरंजीवर पुढे सरकलात. मला वाटलं, हात अवघडला असेल, पण माणूस सरकून घेणारा आहे. मग नमस्कार करताना बाही वर गेली आणि दिसलं. आईला सांगितलं. आई म्हणाली, "चूप राह, त्यायच्याकडूनच निंघू दे." वडिलांना आम्ही दोघींनी सांगितलं नाही.

आणि आमच्याकडचंही ऐकून ठेवा. मी मॅट्रिक आहे म्हणजे मॅट्रिकला बसले होते. इंग्रजीत नापास झाले. वडील ते दर खेपेला मोठ्यानं सांगतात तेव्हा मी आतल्या खोलीत जाते. मामांनी शपथेवर लिहून दिलं हे ऐकल्यावर मला वाटलं, आता एकट्या तुमच्याच घरानं खरं बोलावं हे काही बरोबर नाही. म्हणून काल जेवताना वडिलांना म्हटलं, "बाबा, त्यांचा कोपर वाकडा आहे, माझा निकाल वाकडा आहे. कोणाचं लग्न मोडून राह्यले तुम्ही?" वडील उठून गेले. आज सकाळी त्यांनीच मंडपवाल्याला मंडप पक्का असल्याचा निरोप धाडला.

वैशाखात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला तरी चालेल. उन्हाळा असतो.

रुख्मिणी


मद्रास
७ मार्च १९६५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

रेडिओवर ऐकलंच असेल, म्हणजे शंकररावांनी ग्रामपंचायतीचा रेडिओ तुमच्या हाती लागू दिला असेल तर. तरी माझ्याकडून ऐका.

समितीनं तुमचा कागद वाचला. 'हवा तेव्हा वाकवतो' म्हणणाऱ्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला. मला फक्त "जा, खेळा" म्हणाले.

मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. पहिलं षटक टाकायच्या आधी बाजूच्या पंचांकडे गेलो आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे लांब केले. डावा पुरा गेला, उजवा जाईल तेवढा गेला. ते म्हणाले, "कागद पाहिलाय, टाका." पहिला चेंडू टाकला तेव्हा कानात नुसती वाट होती, नो-बॉल ऐकू यायची. आला नाही. दुसराही नाही. सहावा चेंडू झाल्यावर पंचांनी नुसती टोपी सरळ केली आणि मला एकदम तहान लागली.

तीन विकेट मिळाल्या. सामना कोणी जिंकला नाही, किसनरावांना कळवा. पुढच्या कसोटीत मी असेन की नाही, सांगता येत नाही. माझ्याहून चांगले दोघं बाहेर बसले आहेत, हे मला इथे नेटमध्ये पाहिल्यावर कळलं. मी परत विदर्भाकडून चटईवर टाकीन, आणि गिरणी आता ठेवील बहुतेक. एकदा तरी टाकला, आणि कुणी फेकला म्हटलं नाही. मला एवढंच पाहिजे होतं असं आता वाटतं.

आता तुमच्या शपथेच्या कागदातली चूक सांगतो. तुम्ही मास्तर, म्हणून चूक काढलेली चालेल.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. मी आठ वर्षांचा होतो, तान्हा नव्हतो. गाठींवरून पडल्यावर तुम्ही मला उचललं, उपरणं बांधलं आणि विचारलं, "जायचं का रे घरी?" हे तुमच्या कागदात नाही. तुम्ही विचारलं होतं, मामा. दोनदा. आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, "हा आउट होऊ द्या." अकोल्याचा एक बुटका माणूस हळू हळू चेंडू टाकत होता आणि कुणालाच तो कळत नव्हता. मला तो कसा टाकतो ते पाहायचं होतं. मी रडलो नाही, कारण रडलो असतो तर तुम्ही उठला असता.

जिंकले अकोलेवाले, चार धावांनी. शेवटचा गडी त्या बुटक्यानंच काढला.

हे मी आईला कधी सांगितलं नाही. तिनं मारलं असतं म्हणून आधी नाही, आणि तिनं झाड तोडलं म्हणून नंतर नाही. तुम्हाला हाताचं पुन्हा पुन्हा विचारत होतो ते यासाठीच. तुम्ही आधी बोललात तर मलाही बोलता येईल असं वाटायचं. दोघंही एकमेकांची वाट पाहत बसलो, आणि मधे समितीला यावं लागलं.

तेव्हा कागदात दीड तास आहे तो आपण दोघांत वाटून घेऊ. पाऊण तास माझा.

आईला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते याच पाकिटात आहे. हे सगळं त्यात आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे तुम्हालाच जाऊन वाचून दाखवावं लागेल. ती दार उघडेल. पत्र माझं आहे, उघडावंच लागेल.

मधे खोकला आणायचा नाही. एकही ओळ गाळायची नाही.

आपला
सहदेव